डोळा कुणाचा आणि आवाज कुणाचा?

इल्या नैशुलर या रशियन दिग्दर्शकाने २०१५ साली ‘हार्डकोर हेन्री’ नावाचा एक हाणामारीचा चित्रपट काढला. मारधाडीचे चित्रपट जगात ढिगाने निघतात, त्यात नवल काही नाही. हा चित्रपट वेगळा ठरला तो एवढ्यासाठी की, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत नायकाच्या डोळ्यांना जे दिसते तेवढेच पडद्यावर दिसते. नायक स्वतः आपल्याला दिसत नाही. त्याचे हात दिसतात, पळताना पाय दिसतात, छतावरून उडी मारली की जमीन आपल्याच अंगावर धावून येते. त्यासाठी नायकाचे काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक खास मुखवटा बसवला आणि खेळाडू लोक हेल्मेटवर लावतात तसले छोटे गोप्रो कॅमेरे त्यावर चढवले. एकाच नायकाची भूमिका अनेकांनी पार पाडली. त्यात स्टंट करणारे होते, कॅमेरामन होते आणि खुद्द दिग्दर्शकही होता. टोरंटोच्या महोत्सवात सप्टेंबर २०१५ मध्ये मध्यरात्रीच्या विभागात प्रेक्षकांनी त्याला पहिली पसंती दिली आणि एप्रिल २०१६ मध्ये तो चित्रगृहांत आला.

आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात या परदेशी मारधाडपटावर जागा कशाला खर्च करायची, असा प्रश्न जुन्याजाणत्या वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. पण शिरवळ-खंडाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात गावोगावची पोरे येऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात. पाळी संपली की हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर असलेच चित्रपट व असलेच खेळ असतात. १९९३ साली ‘डूम’ हा संगणकावरचा खेळ आला, तेव्हापासून खेळणाऱ्याच्याच नजरेतून बंदूक रोखण्याची ही तऱ्हा जगभर रूढ झाली. ‘असले काही पाहू नका’ एवढे बजावून या पोरांच्या बाबतीतली आपली जबाबदारी संपत नाही. ती जे पाहतात ते आपणही पाहिले पाहिजे आणि त्यातला आपल्या कामाचा प्रश्न हाती घेतला पाहिजे. तो प्रश्न असा की, कॅमेरा कुणाच्या डोळ्यांत बसवला आहे? आणि ज्याच्या डोळ्यांत बसवला आहे त्याला बोलण्याची मुभा आहे काय?

डोळे मिळाले, जीभ नाही

नायकाच्या डोळ्यांनी अख्खा चित्रपट दाखवायचा प्रयोग मुळात नवा नाही. १९४७ साली हॉलिवूडमध्ये रॉबर्ट माँटगोमेरी याने ‘लेडी इन द लेक’ हा गुप्तहेराचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे असाच केला. गुप्तहेराचा चेहरा दिसायचा तो मुख्यतः आरशासमोर उभा राहिल्यावर. ‘तुम्हीच गुप्तहेर आहात’ अशी त्याची जाहिरात होती. पण प्रयोग म्हणून त्याची चर्चा झाली, तरी चित्रपटसृष्टीने ती वाट धरली नाही. त्याचे कारण साधे आहे. आपण माणसाला ओळखतो ते त्याच्या चेहऱ्यावरून. समोरच्याच्या तोंडावर दुःख दिसले की आपल्या पोटात कालवते. ज्याचा चेहराच दिसत नाही त्याच्याविषयी कळवळा वाटायला फार कष्ट पडतात. तेव्हा कुणाचे डोळे आपल्याला उसने मिळाले म्हणजे त्याचे मनही मिळाले, असे समजायचे कारण नाही.

‘हार्डकोर हेन्री’ची कथा पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. हेन्री एका प्रयोगशाळेत जागा होतो. त्याला पूर्वीचे काही आठवत नाही. एक बाई सांगते की मी तुझी बायको. तीच त्याला यंत्राचा हात आणि यंत्राचा पाय बसवते. आता आवाज बसवायचा, तेवढ्यात खलनायक हल्ला करतो आणि आवाज बसवायचा राहून जातो. पुढे सगळा चित्रपटभर हेन्री मुका. तो धावतो, मारतो, मार खातो, पण एक शब्द बोलत नाही. बायकोला सोडवायचे या एका ध्येयासाठी तो शेकडो माणसांच्या अंगावर जातो. शेवटी उलगडा होतो की, ती बाई त्याची बायको नाहीच, ती खलनायकाची बायको आहे. हेन्रीसारख्या यंत्रमानवांची एक फौजच तयार आहे आणि प्रत्येकाच्या डोक्यात तीच आठवण पेरलेली आहे. प्रत्येक शिपाई असेच मानतो की ही माझी बायको आणि हिच्यासाठी मला लढायचे आहे.

मारधाडीचा धुरळा बाजूला सारून या कथेकडे पाहा. एक माणूस आहे. त्याला मजबूत हातपाय दिले, तीक्ष्ण डोळे दिले. जीभ दिली नाही. त्याचा स्वतःचा भूतकाळ पुसला आणि दुसऱ्याच्या सोयीचा भूतकाळ भरला. मग त्याच्या हातून हवे ते करून घेतले, आणि त्याला वाटत राहिले की मी माझ्या मनाने लढतो आहे. वाचकहो, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. या देशात पिढ्यान् पिढ्या ज्यांच्याकडून राबणूक करून घेतली, त्यांच्या बाबतीत व्यवस्थेने याहून निराळे काय केले? हात घेतले आणि जीभ काढून घेतली. पूर्वजांची आठवण पुसून गेल्या जन्मीच्या पापाची आठवण डोक्यात भरली. दिग्दर्शकाच्या मनात हा विचार होता, असे मी म्हणत नाही. त्याला थरार हवा होता, तो त्याने मिळवला. पण कलाकृतीतून काय घ्यायचे हे पाहणाराही ठरवत असतो. आपल्या पोरांना या चित्रपटावर बोलते करायचे असेल तर त्यांना एवढेच विचारावे की, हेन्रीला बोलता आले असते तर ही गोष्ट इतकी लांबली असती काय?

नायगावचे पत्र

डोळा, जीभ आणि आठवण ही तिन्ही ज्यात एकत्र आहेत असे प्रथमपुरुषी कथन शोधायला आपल्याला मॉस्कोला जाण्याची गरज नाही. शिरवळपासून काही किलोमीटरवर, याच खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे झाला. १८६८ साली त्या माहेरी नायगावला होत्या, तेव्हा २९ ऑगस्टला त्यांनी जोतीरावांना पुण्याला एक पत्र लिहिले. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

पत्रातली हकिकत थोडक्यात अशी. गणेश नावाचा एक ब्राह्मण पंचांग घेऊन गावोगाव फिरायचा. त्याचे आणि सार्जा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. मुलगी गरोदर राहिली. गावाला कळले तेव्हा लोकांनी दोघांना धरले, मारझोड करीत गावातून फिरवले आणि आता ठार मारणार अशी वेळ आली. बातमी कानावर येताच सावित्रीबाई धावत तेथे गेल्या. जमावापुढे उभे राहून त्यांनी इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला, खून केलात तर काय परिणाम होतील हे सांगितले. जमावाचा बेत फिरला. दोघांनी गाव सोडावे यावर तोड निघाली आणि सावित्रीबाईंनी त्या जोडप्याला जोतीरावांकडे धाडून दिले.

जमावाच्या गर्दीत घुसलेली एकटी बाई, समोर मरणाच्या दारात उभे असलेले दोन जीव, अशा प्रसंगाला आजच्या भाषेत ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. पण येथे नायिकेच्या हातात बंदूक नाही. तिने जमावाला अडवले ते बोलून. जी जीभ हेन्रीला मिळालीच नाही, तीच येथे हत्यार झाली आहे. आणि ही हकिकत आपल्याला कळते ती कुणा त्रयस्थाच्या वर्णनातून नव्हे, तेथे उभ्या असलेल्या बाईच्या स्वतःच्या लेखणीतून. माझ्यासारख्या वकिलाला या पत्राचे आणखी एक अप्रूप आहे. खून पडल्यावर कोर्टात उभे राहण्यापेक्षा खून पडण्याआधी कायदा सांगणे किती मोलाचे असते, याचा हा दाखला आहे.

‘फुले’ हा हिंदी चित्रपट २०२५ च्या एप्रिलमध्ये आला. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले आणि ११ एप्रिलला ठरलेले प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला ही घटना आपण चित्रांत पाहिली, नाटकांत पाहिली. प्रत्येक वेळी आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहतो. बाई शाळेकडे जाताहेत, पोरे शेण फेकताहेत आणि आपण बघे. हाच प्रसंग कुणी सावित्रीबाईंच्या डोळ्यांतून चित्रित करील काय? समोर १८४८ सालचे पुणे, भिडेवाड्याकडे जाणारा रस्ता, दारादारांतून रोखलेल्या नजरा, आणि शेणाचा गोळा सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो आहे. त्या क्षणी प्रेक्षकाला बघ्यांच्या रांगेत उभे राहण्याची सोय राहणार नाही. प्रथमपुरुषी कॅमेऱ्याचा खरा उपयोग मला येथे दिसतो.

मसूरच्या फलाटावर

दुसरा दाखलाही सातारा जिल्ह्यातलाच. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात आपल्या आठवणी स्वतःच्या शब्दांत सांगितल्या आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे लेखन १९९० साली पुस्तिकारूपाने छापले, पुढे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडमालेच्या १२ व्या खंडातही ते आले. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुले साताऱ्याहून त्यांच्याकडे निघाली. आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. वडिलांचा माणूस न्यायला आला नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलांच्या कपड्यांवरून त्याने त्यांना ब्राह्मणाची मुले समजले होते. मुलांनी निरागसपणे सांगितले की आम्ही महार. त्याबरोबर स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला.

येथे क्षणभर थांबा. हा चेहरा कुणाला दिसतो आहे? नऊ वर्षांच्या भीमाला. आपण वाचक त्याच्याच डोळ्यांनी, खालून वर, एका मोठ्या माणसाचा चेहरा बदलताना पाहतो. जात म्हणजे काय हे समजावण्यासाठी शेकडो पानांचे विवेचन झाले आहे आणि ते आवश्यकच आहे. पण एक चेहरा एका शब्दासरशी कसा बदलतो हे त्या मुलाच्या डोळ्यांतून दिसले की, विवेचन वाचण्याआधीच माणसाला कळते. पुढे गाडीवान दुप्पट भाडे घेऊन तयार होतो, पण मुलांच्या शेजारी बसायला तयार होत नाही. मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरते. रात्री नाक्यावर पाणी मागितले तर मिळत नाही. जवळ खायला असूनही पाण्यावाचून मुले उपाशी झोपतात. गाडीवानाच्या सांगण्यावरून नाकेवाल्याला ‘आम्ही मुसलमान’ असे सांगूनही उपयोग झालेला नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा प्रवास आज वाचतानाही घशाला कोरड पडते. त्याचे कारण बाबासाहेबांनी तो कुणाच्या दयेसाठी सांगितलेला नाही. जे डोळ्यांना दिसले ते ओळीने मांडले आहे. एखादा साक्षीदार कोर्टात जबानी देतो तसे. पुढे आपल्या लेखकांनी हीच वाट रुंद केली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांना भेटून आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग, एक जगलेला आणि एक लिहिणारा. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलेले ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्या नावातला ‘आमुचं’ हा शब्द पाहा. मराठी साहित्यात ‘मी’ आधीही पुष्कळ बोलत होता. पण एका बाईचा ‘मी’ सगळ्या वस्तीला पोटात घेऊन ‘आम्ही’ होतो, ही ताकद या लेखनाने दाखवली. प्रस्थापित समीक्षेने आरंभी या पुस्तकांना केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून बाजूला ठेवू पाहिले. कथनाची एक नवी तऱ्हाच त्यांनी मराठीला दिली होती, हे मान्य व्हायला वेळ लागला.

जब्याचा दगड

कागदावर जे १९७८ नंतर घडले, ते मराठी पडद्यावर यायला आणखी साडेतीन दशके लागली. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ साली तयार झाला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. जब्याच्या कुटुंबाला गावातली डुकरे पकडायला लावतात आणि सारे गाव खेळ पाहावा तसे पाहत, हसत उभे असते. ज्या मुलीवर जब्याचा जीव जडला आहे तीही त्या हसणाऱ्यांत असते. पकडलेले डुक्कर काठीला बांधून घरी नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे आहेत, त्यांत बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. शेवटी जब्याचा संयम सुटतो आणि तो दगड भिरकावतो. तो दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे पाहणाऱ्याच्या तोंडावर येतो. पडदा काळा होतो आणि चित्रपट संपतो.

त्या एका क्षणापुरता कॅमेरा ज्याच्या डोळ्यांत बसवला आहे तो छळणारा आहे. दोन तास जब्यासाठी हळहळणारा प्रेक्षक अचानक छळणाऱ्याच्या जागी उभा राहतो. ‘मी तर फक्त बघत होतो’ म्हणणाऱ्यालाही दगड लागतो. ‘हार्डकोर हेन्री’ने दीड तास जे तंत्र वापरले, त्याचा काही सेकंदांचा वापर मंजुळ्यांनी केला. पण त्या काही सेकंदांसाठी सगळा चित्रपट उभा केला होता, म्हणून तो दगड अजून लागतो. रशियन चित्रपट चित्रगृहांत आला त्याच एप्रिल २०१६ मध्ये, २९ तारखेला, मंजुळ्यांचा ‘सैराट’ आला. त्याच्या शेवटी रक्ताने भरलेली लेकराची पावले उमटत जातात आणि कुठलाही आवाज नसतो. नायगावला १८६८ साली जो खून टळला, तो येथे टळलेला नाही. जमावापुढे उभी राहणारी सावित्रीबाई या वेळी तेथे नव्हती.

अमेरिकेतल्या काळ्या समाजानेही हे तंत्र आपल्या हाती घेतले आहे. रॅमेल रॉस या काळ्या दिग्दर्शकाचा ‘निकेल बॉईज’ हा चित्रपट २०२४ साली आला. कोल्सन व्हाइटहेड यांच्या कादंबरीवर तो आधारला आहे आणि त्या कादंबरीला २०२० चा पुलित्झर पुरस्कार मिळालेला आहे. कथेला आधार फ्लोरिडातल्या डोझियर नावाच्या खऱ्या सुधारगृहाचा. तेथे मुलांना वर्षानुवर्षे मारहाण झाली. २०११ साली ते बंद झाले आणि नंतर त्याच्या आवारात ५० हून अधिक थडगी सापडली. रॉस यांनी हा चित्रपट दोन मुलांच्या डोळ्यांतून सांगितला. प्रथम आपण एल्वूडच्या डोळ्यांनी पाहतो. सुधारगृहात त्याला टर्नर भेटतो, आणि तोच भेटीचा प्रसंग पुन्हा टर्नरच्या डोळ्यांनी दिसतो. तेव्हा कुठे एल्वूडचा चेहरा आपल्याला नीट दिसतो. म्हणजे १९४७ साली ज्या अडचणीपाशी हे तंत्र अडले होते, ती अडचण रॉस यांनी मैत्रीने सोडवली. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या डोळ्यांत आहे. मारहाणीचा प्रसंग येतो तेव्हा कॅमेरा फटक्यांवर रेंगाळत नाही. पीडिताच्या वेदनेचा तमाशा करायचा नाही, हे पथ्य त्यांनी पाळले आहे. या चित्रपटाला ऑस्करमध्ये सर्वोत्तम चित्रपटासाठी नामांकन मिळाले.

मारणाऱ्याच्या हातातला कॅमेरा

आतापर्यंत ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या डोळ्यांविषयी बोललो. पण कॅमेरा मारणाऱ्याच्या हातातही असतो. मायकेल पॉवेल या ब्रिटिश दिग्दर्शकाने १९६० साली ‘पीपिंग टॉम’ नावाचा चित्रपट केला. त्यातला खुनी बायकांना मारताना त्यांचे मरण कॅमेऱ्यात टिपत असतो आणि प्रेक्षकाला ते त्या कॅमेऱ्यातून पाहावे लागते. तेव्हाचे समीक्षक इतके खवळले की पॉवेल यांची कारकीर्द धोक्यात आली. तो चित्रपट काल्पनिक होता. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे जे घडले ते काल्पनिक नव्हते. मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले आणि त्याची चित्रफीत मारणाऱ्यांच्याच बाजूने काढून फिरवण्यात आली. इतरांना दहशत बसावी म्हणून. ती चित्रफीत म्हणजे हल्लेखोरांच्या डोळ्यांतून चित्रित झालेला मारधाडपटच होता. पण झाले उलटे. त्याच चित्रफितीने देशभर आंदोलन पेटले आणि गुन्ह्याचा पुरावाही तीच ठरली.

यावरून वकील म्हणून दोन गोष्टी सांगणे मला भाग आहे. पहिली गोष्ट कायद्यातल्या डोळ्याविषयी. अत्याचार प्रतिबंध कायद्यात जातीवरून अपमान व शिवीगाळ यांचे जे कलम आहे, ते पूर्वी ३(१)(दहा) होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, २६ जानेवारी २०१६ पासून, ते ३(१)(आर) आणि (एस) असे झाले. त्यात एक अट आहे. प्रकार ‘लोकांच्या नजरेसमोरील’ जागी घडला पाहिजे. स्वर्ण सिंग खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जागा खासगी असली तरी ती लोकांच्या नजरेत येत असेल तर अट पूर्ण होते. घराचे फाटक असे स्थान ठरले. हितेश वर्मा खटल्यात २०२० साली त्याच न्यायालयाने सांगितले की, चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना घडलेला प्रकार या कलमात बसत नाही. म्हणजे या कलमापुरते बोलायचे तर, ज्याचा अपमान झाला त्याच्या एकट्याच्या डोळ्यांना पुरते मोल नाही. बाहेरचा आणखी एक डोळा लागतो. बंद दाराआड, कार्यालयाच्या खोलीत, शेताच्या घरात जे घडते ते या कलमाच्या नजरेतून सुटते. या अटीवर कायदेपंडितांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी जोरकस चर्चा करायला हवी.

दुसरी गोष्ट मोबाइलची. आज वस्तीवस्तीत कॅमेरा आहे. प्रसंग घडला की कुणीतरी चित्रीकरण करते, ते दहा जणांना पाठवते आणि मूळ फीत पुसून टाकते. कोर्टात उभे राहिल्यावर हीच घाई नडते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही हे ठरवण्यासाठी निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण त्यात पुढे आले. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ यंत्र हजर न करता त्याची नक्कल दिली तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ते प्रमाणपत्र आहे. त्यात फितीचा हॅश क्रमांक, म्हणजे तिच्यात फेरफार झालेला नाही हे ताडून पाहण्याची अंकाक्षरी खूण, नोंदवावी लागते. म्हणून कार्यकर्त्यांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे: ज्या मोबाइलवर चित्रीकरण केले तो मोबाइल जपावा, मूळ फीत पुसू नये, तिच्यात काटछाट करू नये, आणि ज्याने चित्रीकरण केले त्याने साक्षीला उभे राहण्याची तयारी ठेवावी. कारण फीत कितीही स्पष्ट असली तरी ती कुणी काढली, कुठून काढली, केव्हा काढली हे सांगणारा माणूस लागतो. येथेही पुन्हा तोच मुद्दा. डोळा यंत्राचा चालेल, पण जीभ माणसाचीच लागते.

अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १५-अ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने अशीही तरतूद आली आहे की, या कायद्याखालील गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे. ही तरतूद पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांच्या प्रकरणात ठेवलेली आहे, हे महत्त्वाचे. आपल्या प्रकरणात ही मागणी लेखी अर्जाने करणे हे वकिलाचे आणि कार्यकर्त्याचे काम आहे. कायद्याच्या पुस्तकातले कलम आपणहून चालत कोर्टात येत नाही.

आपल्या पोरांच्या हातात

चित्रपट काढायला आता कोटी रुपये लागतात असे नाही. ज्या छोट्या कॅमेऱ्यावर ‘हार्डकोर हेन्री’ निघाला, तसला कॅमेरा आज मोटारसायकलवरच्या पोरांच्या हेल्मेटवर दिसतो, आणि तेवढाही नसेल तर मोबाइल आहेच. प्रश्न साधनांचा राहिलेला नाही. आपण त्या कॅमेऱ्याने घाटातली वळणे टिपणार, की पाणवठ्यावर, शाळेत, कंपनीच्या फाटकावर, भाड्याची खोली शोधताना घरमालकाने आडनाव विचारले तेव्हा त्याचा चेहरा कसा पालटतो ते टिपणार? मसूरच्या स्टेशनमास्तरचा चेहरा १९०१ सालीच संपला असे कुणी समजू नये. खोली भाड्याने शोधणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने तो कधी ना कधी पाहिलेला आहे. फरक एवढाच की, भीमाने तो पाहिला, लक्षात ठेवला आणि पुढे लिहून ठेवला. आपण पाहतो आणि गिळून टाकतो.

येत्या जयंतीला आपल्या मंडळांनी डीजेच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढावा. एक रात्र ‘फँड्री’ दाखवावा, दुसऱ्या रात्री ‘निकेल बॉईज’ समजावून सांगत दाखवावा आणि मधल्या दिवशी सावित्रीबाईंचे १८६८ चे पत्र कुणा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मग पोरांच्या हाती मोबाइल देऊन सांगावे की, तुमच्या डोळ्यांना जे दिसते ते पाच मिनिटांत दाखवा, आणि हेन्रीसारखे मुके राहू नका. जे दाखवाल त्याखाली आपले नाव घाला.